माळवदाच्या घरातलं स्वैपाकघर: भिंती न पाडता, अडीच लाखांत

लातूर जिल्ह्यातल्या औशातलं आमचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. भिंती दोन-सव्वादोन फूट जाडीच्या, दगडमातीच्या. वर सागवानी तुळया, त्यावर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि त्याच्यावर पांढरी माती. स्वैपाकघर दहा बाय बारा फुटांचं, त्याला लागून बारा बाय चौदाचं माजघर. चूल जाऊन गॅस आला त्याला चाळीस वर्षं होत आली, पण चुलीच्या जागी शहाबादी फरशी टाकून वर शेगडी मांडली, त्यापलीकडं त्या खोलीत कुणी हात घातला नव्हता. सांडपाण्याची नाली उघडी, भिंतीला कंबरेएवढा लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार), आणि उजेड म्हणाल तर सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडेल तेवढा.

2023 च्या दिवाळीनंतर आम्ही अडीच लाख बाजूला काढले. जो येईल तो एकच सांगायचा, पाडा आणि स्लॅब टाका. पण अडीच लाखांत स्लॅबचं घर होत नाही, आणि मे महिन्यात स्लॅबखाली स्वैपाक करून बघितलेली बाई ही सूचना सहसा करत नाही. तर ज्यांना जुनंच घर नीट करायचंय, त्यांच्यासाठी आमचा सगळा क्रम, हिशोब आणि एक फसलेलं काम इथं मांडते.

आधी आठ दिवस नुसतं बघा

कामाला हात लावण्याआधी आठ दिवस एक वही शेगडीजवळ ठेवा. स्वैपाक करताना कुठं अडलं की लिहायचं, बास. माझ्या वहीत निघालं ते असं: माठ एका टोकाला आणि शेगडी दुसऱ्या टोकाला, त्यामुळं दिवसात कितीतरी खेपा. संध्याकाळी पाचनंतर परातीत काय आहे ते दिसत नाही. आत्याबाई भाकरी खाली बसूनच करतात, त्यांना उभ्यानं थापता येत नाही. सहा कोनाड्यांपैकी दोनच वापरात, बाकीच्यांत औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

आपला पैसा कुठं जायला हवा ते या आठ दिवसांत कळतं. कॅटलॉग बघून ठरवलं असतं तर आम्ही पहिल्यांदा ट्रॉल्या घेतल्या असत्या.

याच आठवड्यात भिंतीवरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून तारीख टाका. जमल्यास एकदा पावसाळ्यात आणि एकदा दिवाळीनंतर. रेघ खाली सरकली तर ओल पावसाची. जागची हलली नाही तर जवळ कुठंतरी रोज पाणी मुरतंय. आमची हलली नाही. भिंतीपलीकडं न्हाणी होती, आणि तिची मोरी फुटलेली.

छत आणि भिंती: इथं काटकसर नाही

औसा तालुक्यात राहून हे शेवटी लिहिणं मला जमणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची. किल्लारीच्या त्या भूकंपात माणसं मेली ती बहुतेक घराखाली सापडून. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आतून-बाहेरून दोन पापुद्र्यांसारख्या सुट्या झाल्या, आणि वरची टनावारी माती खाली आली.

माळवदाचं वजन एकदा स्वतः काढा. एक चौरस फूट जागेवर फूटभर जाड माती म्हणजे पंचेचाळीस ते पन्नास किलो. दहा बाय बाराच्या स्वैपाकघरावर फूटभर थर असेल तर साडेपाच-सहा टन. आपल्याकडं गळती लागली की मृगाआधी आणखी माती टाकायची रीत, त्यामुळं थर वाढत जातो. आमच्याकडं खोदून बघितलं तर सव्वा फुटाच्या वर निघाला. भूकंपानंतर सरकारी पुनर्वसनात ज्या जुन्या घरांचं मजबुतीकरण झालं, त्यात हे वजन कमी करणं, भिंतीच्या दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारे आरपार हेडर बसवणं आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार देणं हीच मुख्य कामं होती. आपणही तेच करायचं.

पहिल्यांदा तुळयांची टोकं, भिंतीत शिरतात तिथं, जुन्या पेचकसानं टोचून बघा. पेचकस सहज आत गेला, पिठासारखा भुसा पडला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तिथं वाळवी किंवा कुज आहे. ती तुळई आधी टेकू देऊन धरायची, मग पुढचं. माती उतरवताना एका बाजूनं पूर्ण साफ करत जायचं नाही. चारी बाजूंनी थोडी थोडी, समान काढायची, खाली टेकू लावून. आम्ही थर आठ इंचांवर आणला. एकदा येऊन बघायला इंजिनिअरनं दोन हजार घेतले. या कामातले सगळ्यात वसूल झालेले पैसे तेच.

खिडकी मोठी करायचा मोह आवरा. करायचीच असेल तर भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट सोडून, आणि वरचा लिंटेल दोन्ही बाजूंनी किमान नऊ इंच भिंतीत बसलेला हवा. आम्ही खिडकीला हातच लावला नाही. सवण्याभोवती माळवदावर सहा इंचांचा विटांचा कठडा केला आणि त्यावर जाड टफन काच बसवली, एका बाजूनं हवेला फट सोडून. दुपारी बारा वाजता ओट्यावर बरोबर उजेडाचा चौकोन पडतो.

तुळयांवरची काजळी काढायला धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी आणि काथ्याचा ब्रश. लाकूड पूर्ण वाळल्यावर बेलतेलाचे (लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाचे) दोन हात. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात पसरून वाळवा, मगच फेका.

पैशाची वाटणी

आमचा हिशोब असा झाला. छत आणि लाकूड 38,000. सांडपाणी, नळ, शोषखड्डा 41,000. वायरिंग 27,000. भिंतींचा गिलावा आणि चुना 30,000. ओटा, सिंक, ओट्यामागच्या टाइल्स 46,000. दोन्ही खोल्यांच्या फरश्या 28,000. मांडणी, दारं, जेवणाचं टेबल 24,000. बेरीज 2,34,000. पुढं सांगणार आहे त्या चुकीचे 9,000 धरून 2,43,000.

पहिले चार आकडे मिळवले तर 1,36,000 होतात. निम्म्याहून जास्त पैसा असा गेला की घरी आलेल्या पाहुण्याला त्यातलं काही दिसत नाही. जावेनं आल्या आल्या विचारलं, "एवढ्यात एवढंच झालं?" विचारू द्या. दिसणाऱ्या वस्तू नंतर, दिवाळीच्या बोनसवर, एकेक करून घेता येतात. टाइल्सखालचा पाइप नंतर बदलता येत नाही.

केव्हा आणि कुणाकडून

आपल्याकडं बांधकामाला चांगला काळ दिवाळी ते शिमगा. मेमध्ये दोन अडचणी. गिलावा झटकन वाळून तडकतो, आणि पाणी मारायला पाणीच नसतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात राहून उन्हाळ्यात सिमेंटला पाणी पाजायचं म्हणजे टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. हिवाळ्यातली अडचण वेगळी. ऊसतोडीला टोळ्या गेल्या की बिगारी मिळत नाहीत. आणि मार्गशीर्षातल्या येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर-धाराशिवकडचा एकही माणूस कामावर येत नाही. सगळे शेतात, आंबिलीच्या घागरीपाशी. ते दोन दिवस आधीच वजा करा. बाजाराच्या दिवशीही अर्धाच दिवस धरा.

सगळं काम एकाच गुत्तेदाराला मालासकट देऊ नका. मालासकट गुत्तं दिलं की पाइप, वायर, सिमेंट कोणतं येतंय यावर आपला हात राहत नाही, आणि ते सगळं झाकलं जाणारं. आम्ही मजुरीचं गुत्तं दिलं आणि माल स्वतः आणला. पैसे टप्प्यानं: पाइपांची चाचणी झाली की एक हप्ता, गिलावा झाला की दुसरा, ओटा झाला की तिसरा, आणि दहा टक्के रक्कम महिनाभर वापरून बघितल्यावर. हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मिस्त्री चांगला असला तर त्याला राग येत नाही.

कामाच्या दिवसांत माजघराच्या दुसऱ्या टोकाला तात्पुरती शेगडी मांडून घ्या. आमच्या घरी महिनाभर खिचडी, पिठलं आणि धपाटे यांवर निभावलं.

सांडपाणी

फसलेलं काम ते इथलंच, म्हणून जरा सविस्तर.

सिंकपासून बाहेरच्या चेंबरपर्यंत आमचं अंतर बारा फूट. सांडपाण्याच्या पाइपाला चाळीस फुटांना एक फूट ढाळ धरतात, म्हणजे बारा फुटांना साडेतीन इंचांच्या वर. सिंकला दोन इंची पाइप, त्याखाली बॉटल ट्रॅप. खोलीच्या कोपऱ्यात नानी ट्रॅप (फरशीतलं जाळीचं निचऱ्याचं तोंड), आणि तिथून पुढं तीन इंची. वळणावर सरळ काटकोनी एल्बो न वापरता पंचेचाळीस अंशांचे दोन वापरायचे, नाहीतर तूप-तेलाचा थर नेमका तिथंच धरतो. जिथं वळण असेल तिथं उघडता येणारं झाकण. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

पण त्या दिवशी येळवसेची तयारी होती. पाइप टाकून झाला तेव्हा संध्याकाळ झालेली. मी म्हटलं, "मिस्त्री, पाणी सोडून बघायचं का?" ते म्हणाले, "वहिनी, पाणसळ लावून बघितलंय की, काय होत नाय." मी मान डोलावली. दोन दिवसांनी ते आले आणि वर कोबा घातला, आठवड्यानं टाइल्स बसल्या. नव्या स्वैपाकघरात पहिल्यांदा वीस माणसांचं जेवण केलं, त्या दुपारी नानी ट्रॅपमधून वरणाचं पाणी उलटं वर आलं. ओले पाय घेऊन आत्याबाई दारात उभ्या, आणि माजघरात पंगत बसलेली.

उकरून बघितलं तर चेंबरपासून चौथ्या फुटावर पाइप पोटात खचला होता. खाली काळी माती राहिली होती, ती कोबा घालताना ओली झाली आणि दबली. बारा फुटांत ढाळ बरोबर होता, मधे मात्र बशीसारखा खोलगट. टाइल्स फोडणं, माती काढून मुरूम भरणं, पुन्हा कोबा, पुन्हा टाइल्स, याचे ते 9,000. दोष मिस्त्रींचा म्हणायचा तर अर्धाच.

म्हणून पाइप झाकण्याआधी हे करा. पाइपाखालची काळी माती पूर्ण काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसानं ठोका, सहा-सहा इंचांच्या थरात. पाइप बसल्यावर चेंबरकडचं तोंड बोळ्यानं बंद करा, सिंकच्या बाजूनं भरेल एवढं पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली तर कुठंतरी गळतंय. मग बोळा काढून दोन बादल्या एकदम ओता आणि शेवटी मूठभर हळद टाकलेला एक तांब्या. हळदीचं पाणी चेंबरमध्ये कधी येतं आणि मागाहून पिवळी धार रेंगाळते का ते बघा. रेंगाळली तर मधे कुठंतरी पोट आहे. हे बघायला अर्धा तास लागतो.

गटार नसेल तर शोषखड्डा. शोषखड्ड्यांचा नांदेड पॅटर्न आपल्या भागात बहुतेकांनी बघितलेला असतो: चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधे वरच्या भागात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. गाळ टाकीत बसतो आणि पाणी भोकांतून बाहेर जाऊन मुरतं. फक्त काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तेव्हा खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्या. घराच्या भिंतीपासून आणि बोअरपासून जमेल तेवढा लांब. आत येणाऱ्या पाइपाला जाळी लावा आणि महिन्यातून एकदा टाकीवरचा तेलकट साका काढून टाका.

अंगणातली घासायची मोरी मात्र मोडू नका. मोठी कढई, परात, कुकर बाहेरच बरे. त्यामुळं आत सिंक चोवीस बाय अठराचं पुरतं.

नळ, वीज, गॅस

नळाचे पाइप मातीच्या भिंतीत झिरी मारून गाडू नका. आतल्या आत पाझरलेलं पाणी दगडमातीची भिंत गुपचूप पोखरतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सीपीव्हीसी पाइप भिंतीवरून, क्लिपा लावून, उघडाच ठेवा. दिसायला बरा नाही, पण थेंब पडला की दिसतो. बोअरच्या जड पाण्यानं नळांवर पांढरा थर बसतो, म्हणून चकचकीत मुलाम्याच्या नळापेक्षा साधा, जड, पितळी गाभ्याचा घ्या. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाचशे लिटरची टाकी आणि माठाचा वेगळा कडप्प्याचा कट्टा आधी ठरवा, ओटा नंतर.

वायरिंगलाही तोच नियम, झिऱ्या नकोत. भिंतीवरून केसिंग पट्टी किंवा पाइप. इंडक्शन शेगडी 2000 वॅटची असेल तर ती नऊ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवायची नाही. तिला सोळा अँपिअरचं सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. फ्रिजची लाइन वेगळी. ओट्यावर सॉकेट आठ-नऊ इंच उंच, सिंकपासून दोन फूट लांब, शेगडीच्या मागं कधीच नाही. नवी अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हे दोन्ही घ्याच. ओल्या हातानं मिक्सर लावणारी घरं आहेत आपली.

गॅसबद्दल जुन्या घरातली एक खास गोष्ट सांगते. स्वैपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. आणि आपले उंबरे चांगले सहा-आठ इंच उंच. म्हणजे गळती झाली तर खोली हौदासारखी भरते. आम्ही जमिनीलगत बाहेरच्या भिंतीत चार इंची पाइपाचं भोक काढलं, आणि घूस, साप येऊ नये म्हणून दोन्हीकडून जाळी बसवली. सिलिंडर उभाच, शेगडीपेक्षा खाली, बंद कपाटात नाही. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. गळतीसाठी 1906 हा नंबर दारामागं रंगानं लिहून ठेवलाय.

लोणा

लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे जखमेवर प्लास्टिक. ओल आत कोंडते आणि आणखी दोन फूट वर चढते. कंबरेचा लोणा खांद्याला आलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत.

आधी पाण्याचा उगम बंद करा. आमच्या बाबतीत ती न्हाणीची मोरी. मग लोण्याच्या वर दीड-दोन फुटांपर्यंतचा जुना गिलावा पूर्ण काढा, दगडांमधल्या दर्जा (सांधे) इंचभर खरवडा आणि भिंत महिनाभर तशीच उघडी वाळू द्या. पांढरी बुकटी कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर फेका. पाण्यानं धुतली तर क्षार पुन्हा आत जातात. त्यानंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू असा चुन्याचा गिलावा, आठवडाभर ओलसर ठेवायचा. वर ऑइल पेंट नको. चुन्याचे तीन पातळ हात. पहिल्या वर्षी आणखी थोडं मीठ बाहेर येतं, तेही कोरडंच झाडा.

ओट्यामागं टाइल्स लावायच्या तेवढ्या पट्ट्यातच सिमेंट, तेही एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू या प्रमाणात, कोंबडीजाळी ठोकून. टाइल्स ओट्याच्या वर दोन फूट पुरतात. छतापर्यंत नेऊ नका.

ओटा

"वहिनी, ओटा छत्तीसचा करू का? लातूरला सगळे तसाच करायलेत."

घरात सगळ्यात जास्त वेळ उभं राहणाऱ्या बाईला चप्पल घालून उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा. त्यातून पाच इंच वजा करा, तोच ओटा. माझं माप सदतीस आलं, म्हणजे ओटा बत्तीस इंच. शेगडी स्वतःच चार इंच उंच असते, त्यामुळं छत्तीसच्या ओट्यावर कढईत झारा फिरवताना खांदा वर उचलावा लागतो आणि संध्याकाळी मान धरते.

भाकरीचं गणित वेगळं. थापताना सगळा भार खांद्यातून तळव्यावर उतरायला हवा, तर भाकर पातळ आणि गोल होते. बत्तीसच्या ओट्यावर परात ठेवली की कोपर वर येतं, भार मनगटावर पडतो आणि भाकर कडेला जाड राहते. म्हणून ओट्याच्या एका टोकाला अडीच फूट रुंदीचा, सत्तावीस इंच उंचीचा खालचा टप्पा केला. मी तिथं उभ्यानं थापते, आणि आत्याबाई स्टूल घेऊन बसतात. त्यांच्या गुडघ्यांसाठी त्याखाली काही बांधलं नाही, मोकळं ठेवलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे काय बाहुलीचं घर केलंय का?" आता त्या टप्प्यावर दुसऱ्या कुणी भाजी चिरायला बसलेलं त्यांना चालत नाही.

ओट्याची फरशी मातीच्या भिंतीत खोबणी करून बसवू नका. जमिनीवरून दोन-दोन फुटांवर कडप्प्याचे उभे पाय, त्यावर कडप्पा, त्यावर ग्रॅनाइट. खोली चोवीस इंच. नुसता कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड. चिंच, लिंबू सांडलं की पांढरे डाग उठतात आणि जात नाहीत. म्हणून वर ग्रॅनाइट आणि पायांना कडप्पा ही विभागणी परवडते. दुकानात मोठा स्लॅब घेण्याआधी कटपीस विचारा. आमचे दोन वेगळ्या छटांचे तुकडे जवळपास निम्म्या भावात मिळाले, आणि सांधा बरोबर भाकरीच्या टप्प्यावर आला. कडेखाली पाणीतोडीची बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी आत न जाता खाली गळतं. शेगडी ज्या भागावर येणार तिथं खाली सिलिंडर रेग्युलेटरसकट मावतो का, हे स्वतःच्या सिलिंडरला टेप लावून बघा.

मांडणी

मातीच्या भिंतीत खिळा-स्क्रू धरत नाही, म्हणून टांगायची कपाटं विसरा. पण भिंत दोन फूट जाड असते हे विसरू नका. सहाही कोनाडे साफ करून आत कडप्प्याची एकेक आडवी फळी टाकली, जुन्या फडताळाला बेलतेल लावलं. ओट्याखाली दारं फक्त सिंकच्या भागाला, तीही पीव्हीसीची. बाकी उघडं. उघड्या मांडणीत झुरळं लपत नाहीत, आणि ट्रॉल्यांचा खर्च वाचतो तो वेगळाच.

माजघरात जेवण

माजघरातली शहाबादी फरशी उखडायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मशीननं घासून पॉलिश केल्यावर तिचा निळसर-करडा रंग वर आला. खचलेल्या सात फरश्या काढून खाली मुरूम भरून त्याच पुन्हा बसवल्या. शहाबादी हाही चुनखडीचाच दगड, तेव्हा ती पुसायला ॲसिड नको, साधं पाणी बरं. स्वैपाकघरात मात्र खरखरीत पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या. 120 चौरस फुटांना दहा टक्के तूट धरून 132 चौरस फुटांचा माल आणला. सगळे खोके एकाच बॅचचे घ्या आणि चार टाइल्स माळ्यावर ठेवा. आमच्या कशा कामी आल्या ते वर आलंच आहे.

जेवणाचं टेबल घ्यायचं का, यावर घरात आठवडाभर वाद झाला. हिशोब साधा आहे. माणशी दोन फूट कड लागते, टेबलाची रुंदी अडीच फूट, आणि खुर्चीमागून वाढणारं माणूस जायला तीन फूट. बारा बाय चौदाच्या माजघरात सहा जणांचं टेबल मधोमध मांडलं की सणावाराची पंगत बसायला जागाच उरत नाही. म्हणून टेबल भिंतीला लावलं, पाच फूट बाय अडीच. जुन्या पडवीच्या उतरवलेल्या सागवानी फळ्यांतून सुतारानं केलं. भिंतीकडच्या बाजूला बाक, बाकाच्या पोटात पाट आणि पत्रावळी. रोज चौघं-पाच जण टेबलावर, गौरीला टेबल बाहेर ओसरीवर जातं आणि माजघरात पंगत बसते. दाराजवळ हात धुवायला छोटं बेसिन, त्याचं पाणी त्याच तीन इंची पाइपात.

उरलेल्या सात हजारांपैकी काही माळवदावर गेले. आता दरवर्षी मृगाआधी वर चढून गवत उपटायचं, पावसाचं पाणी बाहेर टाकणारी पन्हाळी मोकळी करायची, भेगा पांढऱ्या मातीच्या पातळ गाऱ्यानं भरायच्या. नवी पाटी वर टाकायची असेल तर आधी तेवढी जुनी खाली आणायची, असं मिस्त्रींनी जाताना बजावलंय. जिन्यापाशी भिंतीवर थराच्या उंचीची, आठ इंचांची, खूणही त्यांनी करून ठेवलीय.